रस्ता म्हणजे काम नव्हे

क्लिओनाला सात वर्षं पूर्ण झाली त्याच आठवड्यात डर्वला शॅनलीच्या दारात सरकारी पाकीट पडलं. एकट्यानं मूल वाढवणाऱ्याला मिळणारा भत्ता, धाकटं मूल सात वर्षांचं झालं की बंद, असा नवा नियम निघाला होता. मूल शाळेत जातं म्हणजे आई मोकळी, तेव्हा तिनं आता कामाला लागावं, असं पत्रात गोड शब्दांत लिहिलं होतं.

पत्र वाचताना डर्वलाच्या अंगात कामाचा निळा डगला होता.

क्लिओना दहा महिन्यांची असताना तिचा बाप ऑस्ट्रेलियाला गेला. तेव्हापासून डर्वला बॅलिनामोर गावाच्या आसपासच्या टेकड्यांवर म्हाताऱ्या माणसांच्या घरी जात होती. कुणाला अंघोळ घाल, कुणाला लापशी भरव, कुणाचा लघवीनं भिजलेला बिछाना बदल. एका घरी अर्धा तास, फार तर पाऊण. मग गाडी काढायची आणि चिखलाच्या अरुंद वाटेनं पुढचं घर गाठायचं.

ती कॅरिक शहरातल्या भत्त्याच्या कचेरीत गेली. टेबलामागचा तरुण कारकून सभ्य होता.

"तुम्ही काम शोधायला सुरुवात करा," तो म्हणाला.

"मला काम आहे."

"हो का? आठवड्याला किती तास?"

"सतरा."

"एकोणीस लागतात. एकोणीस असते तर नोकरी करणाऱ्या कुटुंबांचा भत्ता तुम्हाला लावता आला असता."

"म्हणजे सतरा तास मी काय गोट्या खेळते?"

कारकून ओशाळला. "तसं नाही हो. पण नियमात बसत नाही."

"सकाळी नऊला पोरीला शाळेत सोडून निघते, ती अडीचला तिला घ्यायलाच थांबते. पाच दिवस. करा हिशेब."

"त्यातला प्रवास धरत नाहीत. आम्ही मालकाच्या सहीचा कागद बघतो. त्यावर सतराच आहेत."

डर्वला बाहेर आली. रडू येत नव्हतं. कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटत होती, पण कुणाच्या, तेच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पॅकी प्रायरची दाढी करताना तिनं त्याला सगळं सांगितलं. पॅकी शहाऐंशी वर्षांचा, बिनलग्नाचा. पाय गेले होते, जीभ शाबूत होती.

"इथून पुढच्या घरी, त्या फ्लिनबाईकडे तू कशी जातेस गं पोरी?" त्यानं गालाला साबण असतानाच विचारलं.

"गाडीनं."

"मला वाटलं, उडत जात असशील. सरकारला तसंच वाटतं म्हणायचं."

"हलू नका पॅकी, कापेल."

आठवडाभरानं तिला कामावर पाठवणाऱ्या संस्थेतल्या मिसेस टायनननी बोलावून घेतलं. बाईंच्या चेहऱ्यावर उपकाराचं हसू होतं.

"तुझे दोन तास मिळाले बघ. जॅसिंटाकडची दोन घरं तुला देते."

"आणि जॅसिंटाला?"

"तीही एकटीच आहे, पण तिचा मुलगा सहाचाच आहे. तिला एक वर्ष अवकाश आहे."

 डर्वला म्हणाली, "पुढच्या वर्षी तिचे तास भरायला कुणाचा गळा कापणार?"

"हे बघ, मी तुझ्या भल्यासाठी—"

"नको मला असलं भलं."

संध्याकाळी ती क्लिओनाला घेऊन थेट जॅसिंटाच्या घरी गेली. पोरं मागच्या अंगणात पळाली. जॅसिंटानं चहा ठेवला, सगळं ऐकून घेतलं आणि थकल्या आवाजात म्हणाली, "घे गं ते तास. मी काय, लीड्सला बहिणीकडे जाईन."

"गप्प बस. तास तुझ्याकडून कशाला घ्यायचे? आपलेच आहेत की रस्त्यात पडलेले. तू रोज किती वेळ गाडीत असतेस?"

जॅसिंटानं बोटं मोजली. मग एकदम तिचा चेहरा लाल झाला. "दीड तास! अगं बाई, रोजचा दीड तास!"

पुढच्या शुक्रवारी संस्थेच्या अकरा जणींनी आपापल्या कामाच्या तक्त्यात रस्त्याचा वेळ लिहिला आणि अकराही जणी एकदमच मिसेस टायननच्या खोलीत शिरल्या. बसायला दोनच खुर्च्या होत्या.

"रस्ता म्हणजे काम नव्हे, बायांनो," मिसेस टायनन म्हणाल्या. "तसं पाहिलं तर मीही घरून इथे गाडीनंच येते."

"तुम्ही दिवसातून एकदा येता," डर्वला म्हणाली. "आम्हाला सहा घरं करायची असतात. पण रस्ता आमचा खासगी असेल तर हरकत नाही. सोमवारपासून आम्ही पायी जाऊ."

"पायी?"

"हो. दुपारपर्यंत दोन घरं होतील. बाकीच्या म्हाताऱ्यांच्या मुलांचे फोन तुम्ही घ्या. डब्लिनहून, न्यूयॉर्कहून, जिथून येतील तिथून."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. मिसेस टायनन हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना बाहेर थांबवलं आणि वरच्या साहेबांना फोन लावला. पाऊण तासानं दार उघडलं. साहेबांचा निरोप होता: सहीच्या कागदावर रस्त्याचा वेळ कामात धरू, पगारात मात्र धरणार नाही.

"म्हणजे काम आहे, पण फुकटचं," जॅसिंटा म्हणाली.

"सही घ्या आधी," डर्वला दातओठ खात म्हणाली. "भांडण पुढे आहेच."

नवा कागद घेऊन ती कॅरिकला गेली. त्यावर पंचवीस तास होते. कारकुनानं मान डोलावून शिक्का मारला. तिचं एकही घर वाढलं नव्हतं, एकही वाट लांबली नव्हती. ती होती तिथेच होती. फक्त आता ती कष्टाळू ठरली होती. "अभिनंदन," तो मनापासून म्हणाला. तिनं कागद उचलला आणि दाराकडे वळली. तोंड उघडलं असतं तर शिवीच निघाली असती.

नवा भत्ता सुरू व्हायला अकरा आठवडे लागले. तेवढे दिवस तिच्या आईच्या घरून जेवण येत होतं, आणि चौतिसाव्या वर्षी आईपुढे ताट धरण्याची लाज तिला कुणीही भरून दिली नाही. रस्त्याच्या पगाराची मागणी तिनं आणि बाकीच्या जणींनी सोडली नाही. गावच्या सभागृहात कुणी पुढारी आला की डर्वला पहिल्या रांगेत, निळ्या डगल्यातच, हात वर करून बसायची. पुढारी तिला नावानिशी ओळखायला लागले आणि उत्तर टाळायलाही शिकले.

जॅसिंटा मात्र हिवाळ्याआधी मुलाला घेऊन लीड्सला गेलीच. तिची घरं उरलेल्या दहा जणींत वाटली गेली. डर्वलाच्या वाट्याला आलेली आजी पहिल्या दिवशी दारात काठीवर भार देऊन उभी होती. "तू कोण?" तिनं दरडावून विचारलं. "माझी जॅसिंटा कुठे आहे?"