मोठ्या बाईंची भाची

होस्टेलच्या त्या खोलीत आम्ही चौघी होतो आणि चौथी जी आली ती उरलेल्या तिघींना पहिल्या दिवसापासून आवडली नाही. त्या तिघींतली एक मी. ती आली, खिडकीजवळची खाट बघितली, त्यावर माझी बॅग आहे हेही बघितलं, आणि बॅग खाली ठेवून आपली गादी पसरली.

"ती जागा माझी आहे," मी म्हटलं.

"नाव लिहिलंय का?"

लिहिलेलं नव्हतं. पुढचे दोन महिने आमच्यात एवढंच बोलणं झालं.

तिची हकिगत मला पुढे तुकड्या-तुकड्यांनी कळली. आईवडील ती चार वर्षांची असताना अपघातात गेले. मावशीने तिला सांभाळलं. ही मावशी म्हणजे एका लहान गावातल्या मुलींच्या कॉलेजची प्राचार्य. सगळे तिला 'मोठ्या बाई' म्हणत. कॉलेजात एकूण दोनशे मुली, आणि बाईंचं घर त्याच आवारात. घरात ती मावशीला 'मावशी, तू' म्हणायची, पण घराचा उंबरा ओलांडला की 'बाई, तुम्ही'. तसा नियमच होता.

गावात तिला स्वतःचं नाव नव्हतं. ती बाईंची भाची. चांगले मार्क पडले तर "पडणारच, बाईंची भाची ना!" कमी पडले तर "बाईंची भाची असून?" ती कोणाबरोबर बोलली, किती वाजता आली, हे पहारेकरी संध्याकाळी बाईंच्या कानावर घालायचा. एकदा दाढ दुखत होती तर दंतवैद्याने तिचं तोंड उघडं असतानाच बाईंना फोन लावला.

बारावी झाली. मावशीने आपल्याच कॉलेजचा फॉर्म आणला, स्वतःच भरला आणि सहीपुरता तिच्यापुढे सरकवला. इथून पदवी, मग शिक्षणशास्त्र, मग इथेच नोकरी. "तुझी खुर्चीसुद्धा मी ठरवून ठेवलीय," मावशी म्हणाली.

तिने पेन हातात घेतलं नाही. वाचनालयात तिला सरकारी विद्यापीठाचं माहितीपत्रक सापडलं होतं. जाडजूड, छपाई भिकार, साठ-पासष्ट विषय. त्यात लिहिलं होतं, विज्ञान, प्रथम वर्ष, एका वर्गात चारशे विद्यार्थी. बाकीचे लोक तो आकडा वाचून घाबरतात. हिने तो तीन-चारदा वाचला. चारशेत कोण कोणाला ओळखणार?

"तिथे तू मेलीस तरी तीन दिवस कोणाला पत्ता लागणार नाही," मावशी म्हणाली.

"चालेल."

"चालेल? अठरा वर्षांची पोर, मला चालेल म्हणतेस? मग नीघ. आणि एकदा गेलीस की पाहुणी म्हणूनसुद्धा येऊ नकोस."

ती एक ट्रंक घेऊन निघाली. शिष्यवृत्ती मिळाली होती, त्यामुळे कोणापुढे हात पसरावा लागला नाही.

आमचं विद्यापीठ कोणाचे लाड करणाऱ्यातलं नव्हतं. प्रत्येक कागदाला रांग, प्रत्येक रांगेच्या टोकाला खिडकी, आणि खिडकीतला माणूस मान वर न करता बोलणार. लेक्चर हॉलमध्ये मागच्या बाकांवर माइकची फक्त खरखर पोचायची. प्राध्यापक पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून निघून जायचे. हजेरी नंबराने. तिचा नंबर तीनशे बारा. आम्ही सगळ्या कुरकुर करायचो, ही मात्र "तीनशे बारा" पुकारलं की असं "हजर!" म्हणायची, जसं काही बक्षीसच जाहीर झालंय. मला त्याचाही राग यायचा.

तिसऱ्या महिन्यात ती आजारी पडली. भिंतीकडे तोंड करून दोन दिवस पडून होती आणि आम्ही तिघी समजलो की बाईसाहेब फुगल्यात. तिसऱ्या दिवशी खिडकी लावायला तिच्या अंगावरून हात न्यावा लागला तेव्हा तिचा दंड लागला. तव्यासारखा तापलेला. मी तिला धरून दवाखान्यात नेलं. मावशीचं ते तीन दिवसांचं म्हणणं अगदी थोडक्यात चुकलं. बरी झाल्यावर तिने आभार वगैरे मानले नाहीत. गादी गुंडाळली, दाराजवळच्या खाटेवर टाकली आणि म्हणाली, "घे तुझी खिडकी." मैत्री म्हणायची तर ती तिथून सुरू झाली.

पहिल्या वर्षी ती रसायनशास्त्रात नापास झाली. बातमी गावात कशी पोचली कोण जाणे, पण आठवड्याच्या आत मावशी हजर. बुटकी, ताठ, काखेत पर्स घट्ट धरलेली. वनस्पतिशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात, शेदीडशे मुलांसमोर तिने भाचीला गाठलं. मी बाजूलाच होते.

"सामान भर. आत्ताच्या आत्ता."

"नाही."

"नापास! माझी भाची नापास! तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस मला."

ही शांतपणे म्हणाली, "बाई, तुमची भाची नापास झालेली नाही. तीनशे बारा नंबर नापास झालाय."

'बाई' हा शब्द मावशीला बरोबर झोंबला. तिने सटकन कानाखाली दिली. तेवढ्यात विभागप्रमुख पेपरांचा गठ्ठा घेऊन बाहेर आले. मावशीने त्यांनाच अडवलं. "मी प्राचार्य आहे. हिचं नाव पटावरून काढून टाका."

प्रमुखांनी हिच्याकडे पाहिलं. "कोण ही?" वर्षभर त्यांच्या वर्गात बसलेल्या मुलीला ते खरोखरच ओळखत नव्हते. "तुला नाव काढायचंय का?"

"नाही, सर."

"मग बाई, जरा बाजूला व्हा. माझा तास आहे."

मावशी वाटेतून हटली. एखाद्या माणसाने मावशीला बाजूला व्हायला सांगितलंय, हे भाची आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. गालावर वळ उठले होते आणि ही हसत होती. मावशीने ते हसणं पाहिलं. मला वाटतं, भाचीची चूक झाली असेल तर त्या हसण्यात झाली.

रसायनशास्त्र तिने पुढच्या खेपेला सोडवलं. मग वनस्पतिशास्त्र पकडलं. बियाण्यांच्या प्रयोगशाळेतली मदतनीस बाई "हात लावू नकोस" याखेरीज काही बोलायची नाही, पण ही तिच्या पाठीस लागून सगळं शिकली. आज ती सरकारी बीज तपासणीत आहे. ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची, आठवड्याने उघडून किती धड उगवले ते मोजायचं. कमी उगवले तर सगळा माल नापास. कंपन्यांची माणसं येतात, वरच्या साहेबांची ओळख सांगतात. ओळख निघाली की ही चष्मा काढून टेबलावर ठेवते आणि गप्प बसते. तिला तिथे कोणी चांगलं म्हणत नाही.

मावशी निवृत्त झाली तेव्हा छापील आमंत्रण आलं. ही मला घेऊन गेली आणि आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. मावशी भाषणाला उभी राहिली. कॉलेजचं झालं, संस्थेचं झालं, मग म्हणाली, "माझ्या भाचीला मीच मन घट्ट करून मोठ्या विद्यापीठात पाठवलं. आज ती अधिकारी आहे." टाळ्या पडल्या. माना मागे वळल्या.

ही उभी राहिली. "खोटं आहे," ती म्हणाली. "मला कोणी पाठवलं नाही. मी गेले. नापास झाले, तीही माझी मीच."

मावशी पेल्यातलं पाणी प्यायली आणि तिने पुढचा कागद वाचायला घेतला.

परतताना मी म्हटलं, "शेवटचा दिवस होता गं तिचा. गिळलं असतंस तर?"

"आयुष्यभर तेच केलं असतं मग," ती म्हणाली. मला अजूनही वाटतं तिने गिळायला हवं होतं. तिला हे माहीत आहे.

त्यानंतर सहा वर्षं दोघींत चिठ्ठी नाही, फोन नाही. गेल्या महिन्यात मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ही रजा टाकून गेली. दुसऱ्या दिवशी मला तिचा फोन, आवाज नुसता फणफणत होता.

"डोळ्यावर पट्टी आणि बाई मला विचारते, आमच्या ओळखीच्या माणसाचं बियाणं तू नापास का केलंस! तासभर भांडली. कशी आहेस, एका शब्दाने विचारलं नाही."

"तू विचारलंस?"

"मी कशाला विचारू?"

मग तीच म्हणाली, "गुरुवारी पट्टी काढणार आहेत. जाते आणि तपासणीचा नियमच वाचून दाखवते तिला, पहिल्या कलमापासून."