तेलमिलच्या कॉम्प्युटरमधलं माझं नाव

भानामती, करणी, अंगात येणं... आमच्या परभणीकडं यातलं काही ना काही सारखं कानावर येतं. कुणाच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठल्या, कुणाचं वाळत घातलेलं लुगडं आपोआप पेटलं. माझा यावर कधी विश्वास बसला नाही, आजही बसत नाही. म्हणूनच माझ्या बाबतीत जे झालं ते मांडायला जड जातं. आणि लाज वाटते ती वेगळीच. चौथीपर्यंत शाळा झाली, त्यामुळं लिहिता येतं, पण चार माणसांत बोलायला मला जमत नाही. कागदाला तोंड नसतं, म्हणून लिहिते आहे. कुठं पाठवेन की नाही, माहीत नाही.

सेलूला स्टेशनच्या पलीकडं सरकीच्या तेलाची एक मिल होती. विद्यापीठाचं नामांतर झालं त्या हिवाळ्यातली गोष्ट. मी मिलच्या ऑफिसात झाडलोट करायचे, चहापाणी बघायचे. आमचे हे मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करतात. माझा धाकटा दीर अशोक... मी लग्न होऊन आले तेव्हा नाक ओढत फिरायचा, माझ्याच हातचं खाऊन मोठा झाला. तो औरंगाबादेला कॉम्प्युटरचा कोर्स करून आला होता. मालकांनी मिलमध्ये कॉम्प्युटर आणला तेव्हा मीच धीर करून म्हणाले, "आमच्या अशोकला घेता का?" बाहेरच्या माणसाकडं मी तोंड उघडून काही मागितलं ते तेवढंच. मालकांनी त्याला ठेवून घेतलं.

कॉम्प्युटरसाठी काचेची खोली केली होती. चप्पल बाहेर काढून आत जायचं. म्हातारे मुनीम अशोकला चिडवायचे, "काय पुजारी, उठला का तुमचा देव?" मी आत फक्त फरशी पुसायला जायचे, आणि मशीनकडं पाठ करून पुसायचे. न जाणो, धक्का लागायचा.

सरकी किती आली, पेंड किती गेली, सगळं त्या मशीनमध्ये. एका सकाळी प्रोग्रॅम सुरूच होईना. बाहेर पेंडीचे ट्रक उभे, पावती निघेना, ड्रायव्हर बोंबलायला लागले. अशोकनं थोड्या वेळात शोधून काढलं. दुपारी डबा खाताना मला म्हणाला, "वहिनी, प्रोग्रॅम उठला की आधी एक बारकी फाइल वाचतो. तिच्यात लिहिलेलं आसतं, हिशेबाचा माल मशीनमधल्या कंच्या कोठीत हाय. कुणीतरी कोठीचं नावच बदललं बघा. नसलेल्या कोठीत शोधायलाय त्ये, कसं सापडंल?"

"मग?"

"मग काय, केलं नीट."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यानं नीट केलं की दिवसभर चालायचं, आणि मशीन बंद करून पुन्हा लावली की कोठीचं नाव बदललेलं. त्यानं फाइलीला कुलूप घातलं. फाइलीलाही कुलूप असतं म्हणे, वाचता येतं पण बदलता येत नाही. तरी बदललेलं. शेवटी मालकांनी परभणीहून इंजिनिअरला बोलावलं. नामांतराच्या त्या दिवसांत एसट्या कधी चालू, कधी बंद, बिचारा मिळेल त्या गाडीनं देवगाव फाट्यापर्यंत आला आणि तिथून ट्रकमध्ये बसून सेलूला पोचला. त्यानं मशीन पार धुऊन काढली, सगळं पुसून आपल्या फ्लॉप्यांवरून नव्यानं भरलं. व्हायरस असेल, आता गेला म्हणाला. मशीन बंद करून लावली... पुन्हा तेच नाव.

तोवर नाव काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. अक्षरं इंग्रजी. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं.

मी चहाचा ट्रे घेऊन गेले तेव्हा मालक काचेच्या खोलीत उभे होते. आवाज चढलेला.

"ही कोण? वाच, मोठ्यानं वाच!"

अशोकनं मान खाली घालून वाचलं, "बी, एच, आय, के, आय."

"भिकी," मालक म्हणाले. "कोण ही भिकी? माझ्या मशीनवर पोरींची नावं लिहितो? ट्रक उभे करून आशिकी करायला लागला का रे?"

मुनीम हसले. "वयच हाय मालक. पर नाव तर बरं बघायचं!"

"आईची शपथ मालक, मला न्हाई माहीत."

"मग दुसरं कोण बसतं मशीनवर? मी बसतो का मुनीम बसतात? उद्यापासून येऊ नको."

मी ट्रे हातात धरून तिथंच उभी राहिले.

आता सांगते. माझ्या आधी आईची तीन लेकरं गेली. मी झाले तेव्हा आईनं मला सुपात घालून शेजारच्या म्हातारीला देऊन टाकलं, आणि मग तिच्या दारात पदर पसरून परत मागून आणलं. भीक मागून आणलेलं लेकरू देव नेत नाही, असं आमच्याकडं मानतात. म्हणून नाव भिकी. गल्लीतली पोरं मागं लागायची, "भिके, वाढ गं माय!" मी घरातून बाहेर पडेना. शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी शांता लिहिलं, आणि तेच लग्नात राहिलं. माझं माहेर सोनपेठकडं, गोदावरीच्या काठाला. आईवडील कधीच गेले. सेलूत ते नाव एकालाही ठाऊक नव्हतं. माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही. लाज वाटायची, म्हणून मी ते कधी उच्चारलंच नाही.

अशोक चप्पल घालायला वाकला. त्याचे कान लाल झाले होते. मी ट्रे टेबलावर ठेवला आणि फरशीकडं बघत म्हणाले, "मालक, ते माझं नाव हाय. ल्हानपणीचं."

मग मुनीम हळूच म्हणाले, "आस्सं... म्हंजे दिरानं वहिनीचं नाव लिहिलं."

त्या वाक्यानं माझ्या अंगावर जे आलं ते मला लिहिता येत नाही. मी पदर ओढून घेतला. अशोक माझ्याकडं बघत होता, पहिल्यांदाच बघितल्यासारखा. "वहिनी, खरं?" एवढंच म्हणाला.

इंजिनिअरनं मात्र मला नीट विचारलं, "बाई, याला ठाऊक होतं का हे नाव?"

"न्हाई साहेब. कुणालाच न्हाई."

"मग थांबा." त्यानं सगळ्यांसमोर फाइल नीट केली, मालकांना वाचून दाखवली, कुलूप घातलं, फ्लॉपी काढली, मशीन बंद करून वायर भिंतीतून उपटली. आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. मालकांनी दाराला स्वतःचं कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली, आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसले. आम्ही पण तिथंच, भर दुपारच्या उन्हात. काचेतून आतलं सगळं दिसत होतं. आत चिटपाखरू नव्हतं.

थोड्या वेळानं मालकांनी दार उघडलं, इंजिनिअरनं वायर लावली. मी दारातच उभी राहिले. मला अक्षरं वाचता येत नव्हती, पण मालकांनी कपाळावरचा घाम पुसला तेव्हा कळलं, पुन्हा तेच नाव आलं.

इंजिनिअरनं आपल्या फ्लॉप्या गोळा केल्या. मग म्हणाला, "मालक, मला हे जमणार नाही. एक करू. ते जिथं जातंय तिथंच माल नेऊन ठेवू." त्यानं भिकी नावाची कोठी केली, मिलचा सगळा हिशेब तिच्यात नेऊन ठेवला. प्रोग्रॅम लगेच सुरू झाला. पुन्हा कधी बंद पडला नाही.

अशोकची नोकरी राहिली. मालक त्याला म्हणाले, "तुझी चूक न्हाई बाबा." मला म्हणाले, "बाई, तुम्ही आता पेंडीच्या गोदामात काम करा." गोदामातही हमालांना कळलेलंच होतं. सकाळी एकमेकांना ओरडून विचारायचे, "भिकी चालू झाली का रं?" आणि हसायचे. मी खराटा हातात घेऊन थप्पीच्या मागं जाऊन उभी राहायचे.

ह्यांना मोंढ्यातच कळलं. संध्याकाळी जेवायला बसले. ताटातली भाकरी मोडली, पण खाल्ली नाही.

"भिकी कोण?"

मी सगळं सांगितलं. सुपाचं, शाळेचं, मशीनचं, कुलपाचं.

"मशीन आपोआप लिहिती व्हय?"

"मालक सोता बसले होते दारात. त्यांना विचारा."

"त्यांना काय विचारू? तुला विचारायलोय. इतक्या वर्सात मला न्हाई सांगितलं. आशोकला कधी सांगितलं?"

"न्हाई सांगितलं ओ. देवाशप्पथ न्हाई."

"मग त्याला कसं कळलं?"

अशोक ओसरीत बसून ऐकत होता. त्यानं त्याच आठवड्यात स्टेशन रोडला खोली घेतली. आता सणाला येतो, उंबऱ्याबाहेरूनच भावाशी बोलतो, आणि जातो. माझ्याकडं बघत नाही. मीही चुलीपासून उठत नाही.

ह्यांनी मला मारलं नाही, की पुन्हा आवाज चढवला नाही. फक्त तेव्हापासून मला कुठल्याच नावानं हाक मारत नाहीत. पूर्वी दारातूनच "शांते" म्हणायचे. आता नुसतं "आगं", नाहीतर खाकरतात.

मी पुष्कळ विचार केला. माहेरचं कुणी सेलूत आलं होतं का, मी झोपेत बोलले का, इंजिनिअरचं आजोळ आमच्याकडचं होतं का. काही जुळत नाही. आणि जुळलं तरी कुलूपबंद खोलीत, वायर उपटलेल्या मशीनमध्ये ते लिहिलं कुणी? मालकांनाही सांगता आलं नाही, इंजिनिअरलाही नाही. शेजारीण म्हणाली, देवऋष्याला विचार. विचारलं असतं, पण त्याच्यासमोर पुन्हा ते नाव घ्यावं लागलं असतं.

त्या मशीनला माझं नाव कुठून कळलं, हे मला अजून ठाऊक नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला त्यातलं कळत असेल, तर मला सांगू नका. सेलूच्या मोंढ्यात या आणि ह्यांना सांगा.