अकरा वर्षांची आई

अलमेलू मामी कॉफी उभ्यानेच प्यायच्या. गोरेगावात आमची दारं समोरासमोर. सकाळी सात वाजता स्टीलचा पेला हातात घेऊन त्यांच्या पॅसेजमध्ये येरझाऱ्या सुरू. "मामी, बसा ना दोन मिनिटं," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसायला वेळ कुणाला आहे गं? कान चालले माझे!" त्या गेल्याला दोन वर्षं झाली, तरी सातला मी अजून दार उघडते.

कान खरंच चालले होते. वय ऐंशीच्या घरात. डॉक्टर म्हणाले, उजवा गेलाच, डावा फार तर वर्षभर. त्याआधी मामींना एकच गोष्ट ऐकायची होती, आईचं गाणं. बोलपट नवे नवे आले तेव्हा त्यांच्या आईने अकराव्या वर्षी मद्रासला जाऊन एका तमिळ चित्रपटात गाणं म्हटलं होतं. पुढे लग्न झालं आणि गाणं बंद. मामींनी तिला साधं गुणगुणतानाही कधी ऐकलं नाही. चित्रपटाची प्रत उरली नव्हती. उरली होती फक्त गाण्यांची पुस्तिका. "नुसते शब्द काय चाटायचे?" मामी चिडायच्या. गाण्याची तबकडी कुठेतरी असेलच, ती शोधायचं काम माझ्याकडे.

त्या गाण्यापायी माझी पार वाट लागली. ऑफिसमधून येऊन चप्पल काढते न काढते तोच बेल. "त्या रेकॉर्डवाल्याला फोन केलास? नाही? मग दिवसभर करतेस काय तू?" एकदा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मामी, सख्ख्या आईसाठी मी एवढं केलं नाही हो!"

"माहितीये," मामी म्हणाल्या. "तुझी आई स्वयंपाकघरात गाते आणि तू टीव्ही मोठा करतेस. कान धड होते तेव्हा ऐकू यायचं मला."

दुसऱ्या दिवसापासून मुकाट्याने फोन लावायला लागले.

शेवटी मालाडला एक सावंत सापडले. भंगारवाल्यांकडून जुन्या तबकड्या गोळा करायचा त्यांना नाद. चित्रपटाचं नाव, आईचं नाव, सगळं जुळलं. ते फोनवर ऐकवायला तयार होते, पण फोनमध्ये मामींना नुसती खरखर ऐकू यायची. रिक्षा केली आणि गेलो.

"जरा बसा तरी मगे," सावंत मालवणी हेलात म्हणाले. मामींनी कानातलं मशीन काढून माझ्या हातात कोंबलं आणि ग्रामोफोनच्या कर्ण्यात डावा कान घातला.

आधी खरखर, मग पेटी, आणि मग एक कोवळा, धीट आवाज. मला तमिळ येत नाही, पण एका ओळीला दम पुरला नाही आणि तिने मधेच श्वास घेतला, तो स्पष्ट कळला. गाणं संपलं, तबकडी नुसतीच फिरत राहिली. मी डोळे पुसत होते. वाटलं, आता मामीही रडणार.

मामी वळल्या. चेहरा घाबराघुबरा.

"अगं, ही तर एवढीशी पोर आहे!" त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "हिच्याबरोबर मद्रासला कोणी गेलं होतं का गं?"