आप्पाजींचे आभार

जयनगरातल्या मराठी मंडळाचा गणपती आणि आप्पाजींचं इंग्रजी आभारप्रदर्शन यांची ताटातूट कधी झाली नव्हती. प्रमुख पाहुणे कन्नड, त्यांना मराठी कळत नसे, म्हणून आभार इंग्रजीत. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेल्या आप्पाजींचा वर्षभरात तेवढाच एक मान उरला होता, आणि तो ते जिवापाड जपत.

त्यांची सून उल्का. नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा तिला एका नव्या कंपनीत नोकरी लागली. फोनवर परदेशी गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या पोरांना इंग्रजी उच्चार शिकवायचे. धडे ती आधी घरी गिरवी, आणि विद्यार्थी अर्थातच आप्पाजी.

“ब्लॅकबोर्ड म्हणजे वर्गातला फळा. जोर पहिल्या शब्दावर,” ती सांगे. “नुसता काळ्या रंगाचा बोर्ड असेल, तर जोर बोर्डवर.”

“स्वल्प थांब,” जरा थांब म्हणायला आप्पाजी कानडी शब्द वापरत. “म्हणजे दोन शब्दांचं लग्न लागलं की पहिल्याचंच चालतं? आमच्या घरात कुठं तसं झालं?”

जोर चुकला की उल्का अंगठीनं टेबलावर टक् करी. टक् झालं की थांबायचं आणि शब्द पुन्हा म्हणायचा. आप्पाजी शाळकरी पोरासारखे म्हणत आणि जमलं की खूश होत.

त्या वर्षी गणपतीत उल्का पहिल्याच रांगेत बसली होती, लोखंडी खुर्चीत. आप्पाजी झोकात बोलत होते. मंडळाच्या लोकांचे आभार मानताना त्यांनी ‘कमिटी’ म्हटलं, जोर नेहमीसारखा ‘क’वर, हवा होता मधल्या ‘मि’वर. उल्काची अंगठी खुर्चीच्या दांडीवर वाजली. टक्. तिच्या ध्यानीमनीही नव्हतं, हाताला सवयच तशी जडली होती.

आप्पाजी थांबले. तिच्याकडे पाहून पुन्हा म्हणाले, “कमिटी.” या खेपेला जोर शेवटावर गेला. मेलं बोट पुन्हा वाजलं. आप्पाजींनी तिसऱ्यांदा म्हटलं, अगदी शहाण्यासारखं. मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळा मांडव हसला. आप्पाजींना पुढचं काही आठवेना. हात जोडून ते खाली बसले. पाहुण्यांचे आभार तसेच राहून गेले.

उल्काला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी आल्यावर तिनं त्यांचे पाय धरले. “अगं, तुझं काय चुकलं? चुकलं ते माझं,” असं म्हणून ते जेवायला बसले. उल्का त्यांना वाढत राहिली. जन्मभर अब्रूनं जगलेल्या माणसाला आपण चारचौघांत वर्गातल्या पोरासारखं उभं केलं, या विचारानं तिला स्वतःचीच शिसारी आली.

पुढच्या वर्षी मंडळाचा सेक्रेटरी अजित रिवाजाप्रमाणे विचारायला आला. उल्का चहा घेऊन दारातच थबकली.

“आभार ना? सुनेला सांगा,” आप्पाजी म्हणाले. आवाजात ना राग, ना टोमणा. उलट, कौतुकच होतं. “तिचं कधी चुकत नाही.”

त्यापेक्षा त्यांनी कानाखाली वाजवली असती तर बरं, असं तिला वाटलं.