मगनच्या वाट्याचा रोट

अभिमन आबांच्या पायाला भिंगरी होती. एसटीत कंडक्टर म्हणून उमेदीची सगळी वर्षं उभ्यानं काढलेली. रिटायर झाल्यावर घरात दोन घटका टेकतील तर शपथ. पण रविवारी गिरणा नदीतल्या बेटावर जाऊन गळ टाकला, की हाच माणूस एकदम गार. श्रावणात तर धरलेला मासाही ते परत पाण्यात सोडत. पुना भोई त्यांना होडीतून बेटावर नेई आणि दर खेपेला तीच थट्टा करी, "बठ्ठा गाव मासा खावाले धरस, आबा. तुम्ही नुसता भेटाले जातस!"

याच बेटावर त्यांनी मगनला गळ टाकायला शिकवलं होतं. एकुलता एक पोरगा. तो सुरतेला कापडाच्या मार्केटात कामाला निघाला, तेव्हा आबांचं डोकं फिरलं. "गया ते परत तोंड दखाडू नको," असं बोलून बसले. पोरगा बापाच्याच वळणाचा. श्रावणात कानबाई देवीच्या सणाला सगळे भाऊबंद घरी येतात, पण दोन कानबाया आल्या नि गेल्या, त्यानं तोंड दाखवलं नाही.

यंदाही आबांच्या बायकोनं, कुंदाबाईंनी, कानबाईच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं गहू आणि हरभऱ्याची डाळ मोजून घेतली. मगनच्या नावानंही घेतली. या रोटाचा कायदा कडक: भाऊबंदांखेरीज कोणाच्या तोंडी जायचा नाही, पुनवेच्या आत संपवायचा, आणि उरला तर नदीत सोडायचा. आबांचा वाटा खाऊन झाला. मगनचं पीठ डब्यात तसंच राहिलं. कुंदाबाईंनी सुरतेला निरोप धाडला होता, पण तिकडून काहीच आलं नव्हतं. आबा सारखे स्टँडवर जात, सुरतेच्या गाडीतून शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबत आणि घरी येऊन सांगत, तंबाखू आणायला गेलो होतो. घरात तंबाखूचा ढीग झाला.

पुनव उद्यावर आली. कुंदाबाईंनी मगनच्या पिठाचा रोट थापून भाजला आणि फडक्यात बांधून आबांच्या हाती दिला.

"आते वाट दखानी नही. नदीमा सोडी या," एवढं म्हणून त्या चुलीकडे वळल्या.

आबा बेटावर गेले, पण हात धजेना. रोट सोडला म्हणजे पोरगाच सोडला. ते उठले, बसले, बेटाला फेऱ्या मारल्या, पुन्हा बसले. गळाची काठी सवयीनं बरोबर आलेली होतीच. शेवटी रोटाचा तुकडा चुरून, मळून त्यांनी गळाला लावला. निदान हळूहळू तरी जाईल! रोहू येत, तुकडा चाटूनपुसून नेत, आणि आबांना काठीला झटका द्यायचंही सुचत नव्हतं. आपल्या एका बोलण्यापायी पोरगा कायमचा गेला, ही भीती आज त्यांना गिळत होती. आणि रोट तर संपत आला होता.

शेवटचा घास गळाला लावून त्यांनी काठी मागे नेली, तोच पाण्यावरून पुनाची हाक आली.

"आबा, थांबा! दखा कोन उना!"

होडी टेकायच्या आतच मगननं गुडघाभर पाण्यात उडी टाकली. अंगानं थोराड झालेला, मिशी आलेली. आधी घरी गेला होता. आईनं आल्या पावली इकडे पिटाळला होता.

"आबा, मी उनू," तो म्हणाला. मग घुटमळत, "मना रोट?"

आबांनी काठी पुढे केली. तंगूसाच्या दोऱ्याच्या टोकाला तो घास लोंबत होता.

"इतलाच उरना. बाकीना मासास्ले घाली दिधा," आबा म्हणाले, आणि त्यांना रडूच कोसळलं.

मगननं तंगूस धरला. लहानपणी बापानं शिकवलं होतं तसं, दोन बोटांत गळ पकडून त्यानं घास सोडवला.

"जपीसन, गळ लागी," आबा म्हणत राहिले.

मगननं घास तोंडात टाकला आणि गळ बापाच्या हातात दिला. आबांनी तो इतका घट्ट धरला, की त्यांच्याच बोटात रुतला.