दामिनीचे चौऱ्याऐंशी टक्के

दामिनी रहांगडालेला बी.एस्सी.ला चौऱ्याऐंशी टक्के मिळाले तेव्हा गावच्या चौकात बॅनर लागलं. एका बाजूला ती विद्यापीठाच्या जर्सीत धावताना, दुसऱ्या बाजूला पदवीच्या झग्यात, आणि खाली 'मैदानातही अव्वल, अभ्यासातही अव्वल'. तिचे वडील श्यामलाल इटियाडोह धरणाच्या पाण्यावर धान पिकवणारे. पाहुणे आले की चहाआधी त्यांना चौकात नेऊन बॅनर दाखवत. दामिनी मात्र त्या दिवसांत मागच्या गल्लीने ये-जा करायची. लोकांना वाटलं, पोरगी लाजाळू आहे.

धावणं खरं होतं. नववीपासून ती धरणाच्या नहराच्या पाळीवर धावायची. गोंदियात कॉलेजला आल्यावर पाच हजार, दहा हजार मीटर आणि क्रॉस कंट्री. पहाटे चौदा किलोमीटर, संध्याकाळी पुन्हा आठ. अकरा वाजता वर्गात बसली की डोळे मिटायचे. क्रीडा विभागाचे ओमेश सर एकदा म्हणाले, "तू हॉस्टेलवर जाऊन झोप. वर्गाचं मी बघतो."

त्यांनी खरंच बघितलं. खेळाडूंना नियमाने जे वाढीव गुण मिळतात ते वेगळे. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण दामिनीला चाचणी न देता वीसपैकी अठरा पडत. मुख्य परीक्षेआधी ओमेश सर विभागातून 'महत्त्वाचे प्रश्न' आणून देत आणि त्यातले बहुतेक पेपरात येत. ती ते घोकून लिहायची. प्रॅक्टिकलला ती नीतू टेंभरेच्या टेबलाशेजारी उभी राहायची. नीतू तिची वर्गमैत्रीण, एकही तास न चुकवणारी. नीतूने काढलेली रीडिंग दामिनी आपल्या कागदावर उतरवी. शेवटच्या वर्षी नीतूला पन्नासपैकी एकेचाळीस मिळाले आणि दामिनीला अठ्ठेचाळीस. नीतूने यादी दोनदा वाचली आणि निघून गेली.

हे सगळं आपल्या नकळत झालं, असं दामिनीला पुढे म्हणता आलं नाही, कारण एकदा तिने स्वतः मागितलं होतं. रसायनशास्त्राच्या दुलीचंद सरांनी तिला चाचणीत सात गुण दिले होते. ती चिडून त्यांच्याकडे गेली. "सर, मी कॉलेजसाठी धावते," ती म्हणाली. सर म्हणाले, "धावतेस, छान धावतेस. पण बाकीचा पेपर कोरा आहे, बाई." ती ओमेश सरांकडे गेली. आठवड्याने साताचे अठरा झाले. त्यानंतर दुलीचंद सर समोरून आले की ती रस्ता बदलायची.

पदवीनंतर धावणं हळूहळू सुटलं. गुडघा दुखायला लागला होता. कोहमाऱ्याजवळच्या एका खाजगी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायला माणूस हवा होता. मुलाखतीला दामिनी गेली तर बाहेरच्या बाकावर नीतू बसलेली. नीतूचे एकाहत्तर टक्के. संस्थेच्या लोकांनी दोघींच्या गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या आणि पाच मिनिटांत दामिनीला आत बोलावून जागा दिली. बाहेर पडताना नीतू म्हणाली, "चांगलं शिकव." तिच्या बोलण्यात राग नव्हता. दामिनीला ते जास्त लागलं.

पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी तिची ओळख करून दिली. चौऱ्याऐंशी टक्के आणि क्रॉस कंट्रीचं मेडल, दोन्ही सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

दामिनी पुस्तक घरी वाचून यायची आणि वर्गात तेच सांगायची. कोणी प्रश्न विचारला तर म्हणायची, "ते परीक्षेला नाही, खाली बस." चार-पाच महिने निभावलं. डिसेंबरात आम्लांचा धडा आला आणि मुख्याध्यापक म्हणाले, प्रयोग करून दाखवा, पालकांना बरं वाटतं.

तिने कपाटातून तीव्र आम्लाची बाटली काढली. थोडं आम्ल काचेच्या चंचुपात्रात ओतलं आणि पाण्याचा ग्लास हातात घेतला. पुढच्या रांगेतल्या चेतनाला काचेची कांडी घेऊन ढवळायला बोलावलं. चेतना हुशार मुलगी. तिचे वडील केवळराम हायवेवरच्या ढाब्यात स्वयंपाकी.

चेतना हळूच म्हणाली, "मॅडम, पुस्तकात उलटं आहे. पाण्यात आम्ल टाकायचं म्हणून लिहिलं आहे. आम्लात पाणी नाही."

वर्गातली मुलं बघत होती. आदल्या रात्री ते पान दामिनीच्या डोळ्यांखालून गेलं होतं, पण त्याला काही कारण असेल असं तिच्या मनात आलं नव्हतं.

"तू मला शिकवशील काय?" ती म्हणाली आणि पाणी ओतलं.

फस्स आवाज झाला आणि आतलं उकळून बाहेर उडालं. चेतनाच्या मनगटावर आणि गळ्यावर थेंब पडले. पाणी लावावं की लावू नये, हेसुद्धा दामिनीला कळलं नाही. ती ग्लास धरून उभी राहिली. चेतना एकटीच पळत नळाकडे गेली आणि धारेखाली हात धरून रडत राहिली.

दवाखान्यातून तिला संध्याकाळी घरी सोडलं. डोळे वाचले होते. मुख्याध्यापकांनी दामिनीला ऑफिसात बोलावलं. रजिस्टरात लिहून ठेवलेलं होतं: विद्यार्थिनीच्या हातून बाटली निसटली.

"सही करा," ते म्हणाले. "शाळेचा प्रश्न आहे. तुमचाही आहे."

दामिनीने सही केली. तिच्यासाठी खोटं लिहायला कोणीतरी तयार असायचंच, आणि तिने ते कधी नाकारलं नव्हतं.

दोन दिवस ती रजेवर राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी चेतनाच्या घरी गेली. केवळराम कामावर निघाले होते. मॅडमला बघून त्यांनी खुर्ची आणली, फडक्याने पुसली आणि स्वतः उभे राहिले.

"माफ करा, मॅडम," ते म्हणाले. "माह्या पोरीनं शाळेचं नुकसान केलं. मी तिले चांगलं बोललो."

चेतना दारात उभी होती. हाताला पट्टी. ती मॅडमकडे बघत होती.

दामिनीने विचारलं, "चेतना, तू घरी काय सांगितलं?"

"जे झालं तेच सांगितलं."

केवळराम मध्येच म्हणाले, "पोरगी आपली चूक झाकून राहिली, मॅडम. मी म्हणलं तिले, मॅडमले चौऱ्याऐंशी टक्के आहेत. त्या चुकतीन काय? तूच सांडवली असशीन."

दामिनी खुर्चीवरून उठली. त्या घरात बसायची तिला हिंमत नव्हती.

"तिने सांडवलं नाही," ती म्हणाली. "मी चुकीचं ओतलं. तिने मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि रजिस्टरातल्या खोट्यावर सहीसुद्धा मीच केली."

केवळरामांनी फडकं खाली ठेवलं. "तुमाले येत नव्हतं, त् काऊन केलं?"

"येत नाही हे सांगायची लाज वाटली."

"आन् माह्या पोरीचा हात जळाला ना," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. ते पोरीकडे वळले. त्यांना तिला काही म्हणायचं होतं बहुतेक, पण नुसताच तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सायकल घेऊन निघून गेले. दामिनीला त्यांनी 'येतो' म्हटलं नाही.

त्याच दुपारी तिने मुख्याध्यापकांना घडलं ते सगळं लिहून दिलं आणि राजीनामाही. जागेसाठी नीतू टेंभरेचं नाव सुचवलं. "तिचे मार्क कमी आहेत," मुख्याध्यापक म्हणाले. "पण तिचे स्वतःचे आहेत, सर," दामिनी म्हणाली.

घरी तिने गुडघ्याचं कारण सांगितलं. श्यामलालनी मानलं. पण संक्रांतीला पाहुणे आले आणि ते नेहमीसारखे टक्के सांगायला लागले, तेव्हा दामिनी पोह्यांच्या प्लेटी ठेवता ठेवता म्हणाली, "बाबा, ते खरे नाहीत. मला वाढवून दिले होते."

पाहुण्यांनी पोहे खाल्ले आणि लवकर निघाले. श्यामलाल ओसरीवर बसून राहिले. "पाहुण्यायसमोर कायले सांगितलं?" ते म्हणाले. "एकट्याले सांगाचं होतं." नंतर चार दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी धानाच्या बांधीतून आले, हातपाय धुतले आणि पाठमोरेच विचारलं, "मेडलबी दिलंच होतं काय त्यायनं?"

"नाही, बाबा. ते मी धावून आणलं."

त्यांनी मान हलवली. त्यांना किती पटलं, हे तिला कळलं नाही. बॅनर त्यांनी उतरवून आणलं आणि धानाच्या तणसाच्या ढिगावर झाकण म्हणून घातलं.

नीतूला ती जागा जूनमध्ये मिळाली. दामिनी दर रविवारी तिच्या खोलीवर जाते आणि आठवीच्या पुस्तकापासून शिकते. नीतू कडक आहे. "हे का होतं ते सांग. पाठ केलेलं नको," म्हणते. दामिनीला पुष्कळदा सांगता येत नाही. एकदा तिने प्रॅक्टिकलच्या त्या अठ्ठेचाळीस गुणांबद्दल माफी मागितली. नीतू वही तपासत होती. "खूप राग आला होता," ती म्हणाली. "अजूनही येतो कधी कधी." आणि तपासलेली वही तिच्यासमोर सरकवली.

चेतना दहावी पास होऊन अकरावी सायन्सला गेली. मागच्या महिन्यात कोहमाऱ्याच्या बसस्टॉपवर दोघी समोरासमोर आल्या. दामिनी वाट बदलणार होती, पण चेतनाने आधीच बघितलं आणि नमस्ते केलं. नमस्कारासाठी हात वर गेले तशी बाही मागे सरकली आणि मनगटावरचा पांढरट डाग उघडा पडला. दामिनीची नजर तिथेच थांबली. ते चेतनाच्या लक्षात आलं. तिने बाही खाली ओढून घेतली, मॅडमला वाईट वाटू नये म्हणून, आणि अभ्यासाचं काहीतरी बोलायला लागली.