कमरेइतके वर बोर्ड

वायरिंग काढायला गेलेल्या वायरमनला बंद दुकानातल्या पिंजऱ्यात उपाशी ससा सापडला. त्याने तो घरी आणला, आणि त्या पठ्ठ्याने आठवड्यात तीन वायरी कुरतडल्या. वायरमनने चरफडत घरातले सगळे प्लगचे बोर्ड कमरेइतके वर घेतले.

म्हातारा होऊन ससा गेला, त्यालाही महिना झाला. तरी वायरमनला एका जागी चैन पडेना. आज गिऱ्हाइकाच्या घरीही त्याने बोर्ड तेवढेच वर ठोकले, बोलणी खाल्ली, पुन्हा भिंत फोडली.

"आता आपलेही खाली घ्या की," बायको म्हणाली.

तो स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला, उठला, परत बसला.

"घेतो गं! पण वायरी खाली आल्या आणि कुणी कुरतडल्याच नाहीत, तर?"